बुडीत वचनाचे मोल

कॅसिनोतील चिप ही वस्तू आहे की देणे, हा प्रश्न वरवर कायद्याचा वाटतो. परंतु त्याचा थोडा पाठपुरावा केला की तो मूल्यमीमांसेच्या, म्हणजे मोल कशात असते आणि ते कुठून येते याचा विचार करणाऱ्या तत्त्वज्ञानशाखेच्या, थेट गाभ्याशी जाऊन पोहोचतो. अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या जुगारविषयक नियमावलीने या प्रश्नाचे उत्तर फार स्पष्ट शब्दांत दिले आहे. त्या नियमावलीनुसार चिप ही केवळ मूल्याची प्रतिनिधी असते. ती बाळगणाऱ्याचे तेवढ्या रकमेचे येणे ती देणाऱ्या कॅसिनोकडे आहे, एवढीच गोष्ट ती सिद्ध करते. आणि ती कुणाच्याही खिशात असली तरी मालमत्ता मात्र कॅसिनोचीच राहते. म्हणजे पाच डॉलरची चिप ज्याच्या हातात आहे त्याच्यापाशी कायद्याच्या दृष्टीने दोन गोष्टी असतात, पाच डॉलरचे येणे आणि दुसऱ्याच्या मालकीची एक चकती. मग कॅसिनो बंद पडला, कंपनी विसर्जित झाली, इमारत पाडली गेली आणि देणे फेडणारे कुणीच उरले नाही, म्हणजे त्या माणसापाशी काय उरते? तर्काने उत्तर 'काहीच नाही' असे यायला हवे. प्रत्यक्षात अशाच बुडीत चिप्सच्या मागे संग्राहक लागतात, आणि पाच डॉलरचे देणे दर्शवणारी एखादी दुर्मीळ चिप, ते देणे बुडाल्यानंतर, हजारो डॉलरना विकली जाते. येणे जिवंत असताना जिची किंमत पाच, तिची किंमत येणे मेल्यावर कित्येक पटींनी वाढावी, ही विसंगती हौशी लोकांची लहर म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

जुन्या नाण्यांच्या बाबतीत हा पेच इतका तीव्र होत नाही. शिवराई चलनातून गेली तरी तिच्यातले तांबे तांबेच राहिले, आणि होन वितळवला तरी त्याचे सोने कुठे गेले नाही. राजसत्तेची पत नाहीशी झाल्यावरही धातूची पत शिल्लक राहते. चिपचे तसे नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत खेळाच्या चकत्या हस्तिदंताच्या, हाडाच्या किंवा लाकडाच्या केल्या जात, आणि हस्तिदंताच्या चकत्यांवर हाताने नक्षी कोरलेली असे, त्यामुळे त्यांना वस्तू म्हणूनही काही किंमत होती. १८८०च्या सुमारास माती, लाख आणि इतर भुकटी एकत्र करून दाबाखाली साच्यातून काढलेल्या चकत्या आल्या आणि पुढे त्यांचेच राज्य झाले. सुमारे ३९ मिलिमीटर व्यासाची ही चकती मुद्दाम निर्मूल्य द्रव्याची केलेली असते, कारण तिचे द्रव्य जितके क्षुल्लक तितके तिच्यावरचे वचन शुद्ध. हुंडीचा कागद जसा कागद म्हणून कुणी मोजत नाही, तसेच हे. फरक इतकाच की हुंडीवर धनकोचे नाव असते, चिपवर फक्त ऋणकोचे.

चिप म्हणजे द्यूतगृहाच्या चालकाने दिलेले वचन, असे एकदा मान्य केले की भारतीय धर्मशास्त्राला हा विषय परका राहत नाही. द्यूत करावे की करू नये यावर स्मृतिकारांत एकवाक्यता नाही. मनुस्मृती राजाने द्यूत राज्यातून हद्दपार करावे असे सांगते, तर कौटिल्य ते एका ठिकाणी आणून द्यूताध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवतो. हा अध्यक्ष फासे आणि कवड्या स्वतः पुरवतो, त्यांचे भाडे घेतो आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच वसूल करतो, आणि दुसऱ्याच कवड्या किंवा फासे कुणी वापरले तर त्याला दंड आहे. या व्यवस्थेतला महत्त्वाचा धागा असा की खेळाची साधने कुणाची आहेत हे ठरवणे म्हणजेच खेळात झालेल्या देण्याघेण्याला जबाबदार कोण हे ठरवणे. याज्ञवल्क्यस्मृतीत ही जबाबदारी आणखी उघड होते. तिथे सभिक, म्हणजे द्यूतगृह चालवणारा, राजाला त्याचा भाग देतो आणि हरलेल्याकडून वसूल करून जिंकणाऱ्याला पैसे पोचवतो. तो केवळ जागा देणारा नाही, तो जामीन आहे. आधुनिक कॅसिनोचा रोखपाल जे करतो ते मूलतः सभिकाचेच काम आहे, आणि चिप ही त्या जामीनकीची खूण आहे.

वचनाचा प्रश्न मात्र स्मृतींपेक्षा महाभारताच्या सभापर्वात अधिक खोलवर विचारला गेला आहे. द्रौपदीने सभेला विचारलेला प्रश्न सर्वांना परिचित आहे: आधी स्वतःला हरलेल्या युधिष्ठिराला नंतर तिला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता का? या प्रश्नाचा नैतिक दाह इतका मोठा आहे की त्याची तार्किक बाजू बहुधा झाकली जाते. तर्काच्या बाजूने पाहिले तर प्रश्न असा आहे की वचन देणारा वचन देताना कोण होता, आणि वचनाचे बळ त्याच्या तेव्हाच्या अधिकारातून येते की उच्चारलेल्या शब्दातून. विकर्णाने द्रौपदीची बाजू घेतली, भीष्माने धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून निर्णय टाळला, आणि सभेने उत्तर दिलेच नाही. चिपच्या संदर्भात हाच प्रश्न उलट टोकाने उभा राहतो: वचन देताना ऋणकोला अधिकार होता, वचन खरे होते, आणि तरीही नंतर वचन देणाराच नाहीसा झाला, तर वचन कधीच नव्हते असे म्हणायचे, की ते होते पण बुडाले असे म्हणायचे? संग्राहकाचे सगळे शास्त्र दुसऱ्या उत्तरावर उभे आहे. जे कधीच नव्हते त्याची साक्ष नसते. जे होऊन गेले त्याचीच असते.

वचने बुडण्याचे प्रकारही एकसारखे नसतात. लास व्हेगासमधील ड्यून्स हा कॅसिनो १९५५ साली सुरू झाला आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये सुरुंगाने पाडण्यात आला; १९५२ साली सुरू झालेला सँड्स १९९६ साली बंद होऊन त्याच वर्षी जमीनदोस्त झाला. अशा वेळी नेवाडाचे नियम ऋणकोला शांतपणे मरू देतात: चिप्स परत घेण्याची मुदत जाहीर करायची, लोकांनी त्या आणून पैसे न्यायचे, आणि कॅसिनोकडे असलेल्या चिप्स नष्ट करायच्या. क्यूबातील हवाना शहरात हे घडले नाही. डिसेंबर १९५७ मध्ये थाटात उघडलेला रिव्हिएरा, त्याआधीचे ट्रोपिकाना आणि सान्स सुसी हे सगळे १९५९च्या क्रांतीनंतर जुगारघरे म्हणून संपले, आणि जानेवारीच्या पहिल्याच दिवसांत जमावाने अनेक कॅसिनोंची मोडतोड केली. तिथे मुदत देणारे कुणी नव्हते. एल रँचो व्हेगास हे १९४१ साली उघडलेले, पुढे स्ट्रिप म्हणून प्रसिद्ध झालेल्या रस्त्यावरचे पहिले कॅसिनो-हॉटेल, जून १९६०मध्ये आगीत गेले. आणि फ्लेमिंगोचे उदाहरण तर निराळ्याच जातीचे आहे. डिसेंबर १९४६ मध्ये उघडलेल्या या हॉटेलची मूळ बांधकामे १९९३पर्यंत सगळी पाडली गेली, मालकी अनेकदा बदलली, आणि तरीही त्याच जागी त्याच नावाचा कॅसिनो आजही चालू आहे. इथे ऋणको मेला की जगला? नैयायिक ज्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात, म्हणजे 'हा तोच' अशी ओळख, ती नावावर बसवायची की कायदेशीर व्यक्तीवर, यावर १९४६च्या चिपचे भवितव्य अवलंबून राहते. संग्राहक मात्र त्या वादात न पडता ती चिप मृत घराण्याची म्हणूनच हाताळतात, आणि त्यांचा तो व्यवहार न्यायालयातील कोणत्याही युक्तिवादापेक्षा अधिक स्पष्ट आहे.

बहुतांशी मुदतीत परत न आलेल्या चिप्सच संग्रहात येतात, ही साधी गोष्ट दुर्मिळतेचे सारे गणित ठरवते. शंभर डॉलरची चिप खिशात विसरून घरी जाणारा माणूस विरळा. एक किंवा पाच डॉलरची चिप मात्र आठवण म्हणून, आळसाने किंवा रोखपालापुढची रांग पाहून सहज जवळ राहते. म्हणून जुन्या कॅसिनोंच्या लहान रकमेच्या चिप्स तुलनेने जास्त आणि मोठ्या रकमेच्या चिप्स बहुधा कमी सापडतात. संग्रहातली अशी प्रत्येक चिप हे कुणीतरी वसूल न केलेले येणे आहे, आणि कॅसिनोच्या हिशेबात अशा न वसूल झालेल्या येण्याचा फायदा नेहमी ऋणकोलाच मिळतो. लहान रकमेच्या चिप्स जास्त सापडतात या नियमाला एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत नेवाडातील टेबलांवर एका डॉलरसाठी चांदीचे नाणेच वापरले जात असे. १९६४-६५च्या सुमारास चांदीचे डॉलर व्यवहारातून नाहीसे झाले तेव्हा त्यांच्या जागी डॉलरची टोकने आणि एका डॉलरच्या चिप्स आल्या. म्हणून त्याआधीच्या काळातली एका डॉलरची चिप, जी तर्काने सगळ्यांत सामान्य असायला हवी, ती पुष्कळदा आढळतच नाही, आणि आढळली तर आधी संशयाने पाहावी लागते.

संशय हाच या शास्त्राचा आरंभ आहे. न्यायदर्शन ज्ञानाची चार साधने, म्हणजे चार प्रमाणे, मानते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द, आणि चिप ओळखणारा संग्राहक, न्यायशास्त्राचे नाव त्याने कधी ऐकलेले नसले तरी, नेमका याच चारही दारांनी जातो. प्रत्यक्षाने कळते ते असे की चकतीच्या कडेला साच्यातून उमटलेली नक्षी कोणती आहे, कडेवर दुसऱ्या रंगाच्या मातीचे तुकडे किती आणि कसे बसवले आहेत, आणि मधला मजकूर सोनेरी किंवा रुपेरी वर्खाने गरम ठशाखाली दाबून उमटवला आहे की छापील चकती साच्यातच मातीबरोबर बसवली आहे. उपमानाचे नैयायिकांचे जुने उदाहरण असे: गवय नावाचा प्राणी गाईसारखा असतो असे वनवासी माणसाकडून ऐकलेला नागरिक रानात तसा प्राणी पाहतो आणि 'गवय म्हणतात तो हा' हे जाणतो. लॉस एंजेलिसच्या टी. आर. किंग कंपनीच्या काही चिप्सच्या कडेला लहान मुकुटांची रांग असते, आणि पॉलसन कंपनीच्या चिप्सवर उंच टोपी आणि छडी, हे केवळ ऐकून ठेवलेला माणूस जेव्हा पहिल्यांदा तशी चकती हातात घेतो, तेव्हा त्याला होणारे ज्ञान उपमानापेक्षा वेगळे नाही. अनुमान त्यापुढचे. पॉलसन कंपनी १९६३ साली स्थापन झाली. त्यामुळे टोपी-छडीच्या साच्यातली चकती १९५५च्या ड्यून्सची म्हणून कुणी विकायला आणली तर ती तशी असणे अशक्य आहे, आणि हे समजण्यासाठी भिंगाची गरज नाही, फक्त धूर आणि अग्नी यांचा संबंध ठाऊक असण्याइतक्या व्याप्तिज्ञानाची आहे. व्याप्ती म्हणजे अनुमानाला आधार देणारा, न तुटणारा साहचर्यनियम. आणि या क्षेत्रात साचा आणि काळ यांची व्याप्ती सगळ्यांत भरवशाची.

शब्दप्रमाणाची कथा अधिक रंजक आहे, कारण ती बेकायदा जुगारघरांमुळे घडली. नेवाडाने मार्च १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला, पण टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन, आर्कान्सासमधील हॉट स्प्रिंग्ज, केंटकीमधील न्यूपोर्ट अशा ठिकाणी तो कायद्याच्या डोळ्यांदेखत आणि कायद्याविरुद्ध अनेक दशके चालला. छापा पडला तर चिप हाच पुरावा ठरेल म्हणून या जागांच्या चिप्सवर गावाचे, इमारतीचे, बहुधा पूर्ण नावाचेही उल्लेख टाळले जात. दोनतीन आद्याक्षरे, एखादी आकृती, इतकेच. अशा चिप्स पेट्यापेट्यांनी सापडतात आणि वर्षानुवर्षे नाव नसलेल्या, म्हणून किरकोळ किमतीच्या राहतात. मग एखाद्या उत्पादक कंपनीच्या जुन्या मागणी-नोंदी उजेडात येतात. त्या कार्डांवर, कोणत्या अक्षरांच्या, कोणत्या रंगाच्या, किती चिप्स, कोणत्या तारखेला, कोणत्या गावच्या कोणत्या पत्त्यावर पाठवल्या, याची कारकुनी नोंद असते. आणि ती नोंद सापडलेल्या दिवशी त्या नाव नसलेल्या चकतीला गाव, मालक आणि काळ मिळतो, तिची किंमत पुष्कळ पटींनी चढते. चकतीत एका कणाचाही फरक झालेला नसतो. ज्या कारकुनाने ते कार्ड लिहिले त्याला आपण इतिहासकाराचे काम करत आहोत याची कल्पना असण्याचे कारण नव्हते, आणि त्याची साक्ष विश्वसनीय वाटते ती नेमकी त्यामुळेच: नैयायिक आप्तवाक्याला, म्हणजे विश्वासू माणसाच्या वचनाला, प्रमाण मानतात, आणि फसवण्यात काही लाभ नसणे ही आप्ताची एक मोठी खूण आहे.

या ठिकाणी मूळ प्रश्नाचे उत्तर आकार घेऊ लागते. चिपचे पहिले मोल विश्वासावर होते, ऋणको पैसे देईल या विश्वासावर. तिचे दुसरे मोल ज्ञानावर आहे, ती कशाची साक्ष आहे हे कुणाला तरी कळण्यावर. दोन्ही ठिकाणी मोल चकतीत नाही, चकती आणि जाणणारा यांच्या संबंधात आहे. वैशेषिक दर्शनाने संख्येविषयी जी भूमिका घेतली तिचा इथे आश्चर्यकारक उपयोग होतो. वैशेषिकांच्या मते एकत्व वस्तूत असते, परंतु द्वित्व आणि त्यापुढच्या संख्या अपेक्षाबुद्धीतून, म्हणजे 'हे एक, हे एक' अशी मोजणी करणाऱ्या बुद्धीतून, उत्पन्न होतात आणि ती बुद्धी नाहीशी झाली की द्वित्वही नाहीसे होते. संख्या ही वस्तूंचीच असते असे मानणाऱ्याला हा सिद्धान्त विक्षिप्त वाटेल. पण दुर्मिळतेला तो चपखल बसतो. एखाद्या चिपच्या जगात तीनच प्रती आहेत, असे म्हणताना प्रत्यक्षात म्हणायचे असते ते इतकेच की मोजणाऱ्यांना तीनच ठाऊक आहेत. ज्या दिवशी एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याच्या तळघरातून तशाच दोनशे चिप्सचा डबा निघतो, त्या दिवशी दूर कुठेतरी एका संग्राहकाच्या कपाटातली चिप, तिला कुणी हातही न लावता, स्वस्त होते. त्या दोनशे चिप्स काल रात्रीही अस्तित्वात होत्या. कालची किंमत म्हणजे मोजणीची मर्यादा. किंमतसूचीतील दुर्मिळतेचे अंक वाचताना ही सावधगिरी सुटली की माणूस वस्तू विकत घेतो असे समजून इतरांचे अज्ञान विकत घेतो.

ज्ञानावर मोल असेल तर खोटे ज्ञान हा सर्वांत मोठा दोष ठरतो, आणि संग्राहकांची नीती या एका मुद्द्यावर फार कडक असते. बनावटीचे तीन प्रकार सहसा भेटतात. एकात जुन्या, खऱ्या, पण कोऱ्या चकत्यांवर नंतर कुणीतरी प्रसिद्ध जुगारघराचे नाव गरम ठशाने उमटवतो; तिथे माती खरी, साचा खरा, काळ खरा आणि फक्त वचन खोटे असते. हाच प्रकार सर्वांत फसवा आहे, आणि तत्त्वतः सर्वांत बोधक, कारण चकतीचे सर्व भौतिक गुण खरे असूनही ती बनावट ठरते. दुसऱ्या प्रकारात कधीही नसलेल्या, किंवा असलेल्या पण अशी चिप कधी न काढलेल्या कॅसिनोची कल्पित चिप असते, तिला संग्राहक कल्पनाचिप म्हणूनच बाजूला ठेवतात. तिसऱ्यात छापील मध्यभाग नव्याने केलेला असतो, आणि अतिनील दिव्याखाली आधुनिक कागदातील उजळवणारी रसायने चमकून तो स्वतःची वयचोरी उघडी करतो.

कल्पनाचिपच्या बाबतीत महाराष्ट्राचे एक उदाहरण देण्यासारखे आहे. राज्याच्या विधिमंडळाने १९७६ साली कॅसिनोंचे नियंत्रण आणि कर यांसंबंधीचा कायदा केला, पण तो अमलात आणणारी अधिसूचना कधी निघालीच नाही, आणि जवळपास अर्धे शतक कागदावर पडून राहिलेला हा कायदा २०२३ साली रद्द करण्यात आला. त्यामुळे मुंबईच्या एखाद्या परवानाधारक कॅसिनोचे नाव आणि १९८०च्या दशकाचा काळ सांगणारी चिप उद्या कुणी दाखवली, तर तिची माती तपासण्याआधीच तिचा निकाल लागतो. हे ज्ञान प्रत्यक्षाने होत नाही. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती ज्याला अनुपलब्धी म्हणतात, म्हणजे असायला हवे ते न आढळण्यातून होणारे अभावाचे ज्ञान, त्यानेच ते होते. शेजारच्या गोव्यात स्थिती वेगळी: तिथे १९७६च्याच जुगारबंदी कायद्यात १९९०च्या दशकात दुरुस्त्या होऊन पंचतारांकित हॉटेले आणि पुढे जहाजे यांना वाट मिळाली, आणि मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोंच्या चिप्स आज खरोखरीचे देणे दर्शवतात. म्हणूनच संग्राहकाच्या दृष्टीने त्या अजून गप्प आहेत; ऋणको जिवंत असताना चिप फक्त आकडा बोलते.

मर्यादित आवृत्तीच्या चिप्सनी या चित्रात एक गोंधळ आणला. अमेरिकेत चिपसंग्राहकांचा संघ १९८८ साली स्थापन झाला, हौस वाढली, आणि १९९०च्या दशकात कॅसिनोंनी मुष्टियुद्धाच्या लढतीच्या, नववर्षाच्या, वर्धापनदिनाच्या नावाने ठरावीक संख्येच्या चिप्स काढायला सुरुवात केली. या चिप्स नियमानुसार खऱ्या आहेत, त्या रोखपालाकडे नेल्यास पैसे मिळतात, आणि तरीही त्या परत येऊ नयेत अशाच आशेने काढल्या जातात, कारण प्रत्येक न परतलेली चिप म्हणजे कॅसिनोला बिनव्याजी, बहुधा कायमचे मिळालेले पाच डॉलर. मागितले जाणार नाही अशी खात्री असलेल्या देण्याला देणे म्हणायचे का? वचनाचा शब्द शाबूत, हेतू मात्र त्याच्या उलट. मीमांसकांनी विधिवाक्याचा अर्थ ठरवताना त्याचे तात्पर्य, म्हणजे ते कशासाठी सांगितले, हे पाहायला सांगितले. त्या कसोटीवर या चिप्स वचने नव्हेत, वचनाचा वेष घातलेल्या विक्रीच्या वस्तू आहेत. अनुभवी संग्राहक त्यांना फारसे मोल देत नाहीत, आणि त्यांची ती नापसंती केवळ संख्येमुळे नसून या दुटप्पीपणाच्या जाणिवेतूनही येत असावी, असे मानायला जागा आहे.

मात्र त्याच अनुभवी संग्राहकांची दुसरी एक आवड तर्काच्या कसोटीला उतरत नाही. बाजारात कोरी, कडा धारदार असलेली, टेबलावर कधी न गेलेली चिप सर्वांत महाग आणि झिजलेली, डागाळलेली, कडा गोल झालेली चिप स्वस्त. जर चिपचे दुसरे मोल साक्षीचे असेल, तर हजारो हातांतून गेलेली चिप अधिक मोठी साक्षीदार ठरायला हवी, कारण कोऱ्या चिपने काहीच पाहिलेले नसते. ती कधीकधी वचन म्हणून बाहेरही पडलेली नसते, कारखान्यातून थेट तिजोरीत आणि तिजोरीतून थेट संग्रहात आलेली असते. म्हणजे सर्वांत महाग वस्तू हीच, द्रौपदीच्या प्रश्नाच्या दृष्टीने, कधी पणाला न लागलेली. सौंदर्याची आवड म्हणून ही निवड समर्थनीय आहे; पण मग ती सौंदर्याचीच आहे हे कबूल करायला हवे, आणि इतिहासाचे नाव घेऊन तिचा भाव वाढवणे थांबवायला हवे.

राहतो नीतीचा प्रश्न, आणि तो टाळता येत नाही. ऋग्वेदातील अक्षसूक्तापासून जुगाऱ्याचे दुःख भारतीय परंपरेने डोळे उघडे ठेवून पाहिले आहे. बेहड्याच्या फळांच्या त्या फाशांनी घर, पत्नी, प्रतिष्ठा गमावलेला माणूस तिथे स्वतःच बोलतो. चिपही अशाच हातांतून गेलेली असते, तर ती जपणे म्हणजे त्या दुःखाची शोभा करणे नव्हे का, असा आक्षेप येईल. जैन विचाराची मदत इथे घेता येते. तत्त्वार्थसूत्रकार उमास्वाती परिग्रहाची व्याख्या वस्तू बाळगण्याने करत नाहीत, मूर्च्छेने, म्हणजे वस्तूविषयीच्या आसक्तीने करतात. त्या व्याख्येप्रमाणे नेवाडाचा नियम 'ही चकती तुझी नाही' असे संग्राहकाला कितीही बजावत राहिला तरी परिग्रह झालेलाच असतो, आणि उलटपक्षी, संग्रहालयाच्या कपाटात हजारो चिप्स असूनही तो झालेला नसतो. आक्षेपाचे उत्तर म्हणून हे अर्धेच आहे, कारण आसक्ती मोजायला माप नाही. उरलेले अर्धे उत्तर साक्ष कशाची आणि ती ऐकली जाते का, यावर अवलंबून आहे.

मुलाँ रूज हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. लास व्हेगासमधील स्ट्रिपवरच्या हॉटेलांत १९५०च्या दशकात कृष्णवर्णी गायक आणि वादक रंगमंचावर चालत, पण त्याच हॉटेलात पाहुणे म्हणून सहसा त्यांना खोली मिळत नसे आणि जुगाराच्या टेबलावर जागा मिळत नसे. शहराच्या पश्चिमेकडच्या, कृष्णवर्णी लोकांच्या वस्तीत २४ मे १९५५ रोजी मुलाँ रूज उघडले, तेव्हा ते त्या शहरातले वंशभेद न पाळणारे पहिले कॅसिनो-हॉटेल होते. स्ट्रिपवरचा कार्यक्रम संपला की कलावंत रात्री तिथे जमत. सहा महिन्यांच्या आतच, नोव्हेंबरमध्ये, ते बंद पडले. पुढे मार्च १९६०मध्ये वंशभेद संपवण्याचा समझोता त्याच इमारतीत झाला. मुलाँ रूजच्या चिपला संग्राहक आज जो मान देतात त्याचे कारण या घटनाक्रमातच आहे, आणि तो मान योग्य आहे, कारण इथे बुडालेले वचन पाच किंवा पंचवीस डॉलरचे नव्हते, टेबलाभोवती कुणीही बसू शकते हे होते. परंतु १९५५ साली स्ट्रिपवरच्या सँड्सच्या किंवा ड्यून्सच्या टेबलावर फिरलेली चिपही त्याच भेदाची साक्षीदार आहे. तिच्या साच्यात, कडेच्या रंगांत, मधल्या छापील चकतीत त्या बंद दाराची कोणतीही खूण नाही, त्यामुळे ती सुंदर म्हणून, दुर्मीळ म्हणून, कोरी म्हणून विकली जाते, आणि तिची किंमत ठरवताना ती कुणाच्या हातात कधीच जाऊ शकली नाही हे कुणी मोजत नाही.